वाचलेलं थोडक्यात सांगायला मुलांना कसं शिकवायचं?

ओंजळ (धागाकर्ती)

‘धडा वाच आणि थोडक्यात लिही’ असं आपण मुलांना सतत सांगतो. पण थोडक्यात लिहायचं कसं, हे बहुतेक वेळा कुणीच शिकवत नाही. मूल पाच-सात ओळी लिहून आणतं, आपण ‘फार लांबलं’ किंवा ‘महत्त्वाचं राहिलं’ असा शेरा मारतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. महत्त्वाचं म्हणजे काय आणि ते ओळखायचं कसं, याचा त्या शेऱ्यात पत्ता नसतो. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना भाषा शिकवताना हा प्रश्न मला कायम भेटतो. त्यावर इथे सविस्तर बोलणं व्हावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. सारांश म्हणजे मजकूर आखूड करणं, असं मुलांच्या मनात एकदा बसलं की ती फक्त खोडायला शिकतात. अवघड काम त्यापुढचं आहे. उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही, पण अख्ख्या उताऱ्याला लागू पडतं असं वाक्य स्वतः तयार करता यायला हवं. हे वाढत्या वयाबरोबर आपोआप येत नाही, पण शिकवलं तर येतं.

उदाहरण म्हणून मी मुलांसाठी लिहिलेला एक उतारा देते:

‘उंट वाळवंटात राहतो. त्याच्या पापण्या लांब आणि दाट असतात. वारा सुटला की तो नाकपुड्या मिटून घेऊ शकतो. त्याच्या कानांत भरपूर केस असतात. त्याचे तळवे रुंद असतात, त्यामुळे पाय वाळूत रुतत नाहीत. त्याच्या कुबडात चरबी साठवलेली असते आणि खायला मिळालं नाही की ती उपयोगी पडते. त्याला घाम फार कमी येतो. तहानलेला उंट पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो.’

यावर मुलं साधारण असं लिहितात: ‘उंट वाळवंटात राहतो. त्याच्या पापण्या लांब असतात. त्याचे तळवे रुंद असतात. उंट पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो.’ म्हणजे एक वाक्य ठेवलं, एक गाळलं, पुन्हा एक ठेवलं. चारही वाक्यं उताऱ्यातली आहेत. लांबी निम्मी झाली, पण मुलाला उतारा कळला की नाही, हे आपल्याला कळलं नाही.

मग मी विचारते, पापण्या, नाकपुड्या आणि कानातले केस, हे तिन्ही कशासाठी असतील? थोडा वेळ शांतता असते, मग कुणीतरी म्हणतं, ‘वाळू आत जाऊ नये म्हणून.’ हे उताऱ्यात लिहिलेलंच नव्हतं! पुढे तळवे येतात, तेही वाळूसाठीच. चरबी भुकेसाठी. कमी घाम आणि एकदम भरपूर पाणी पिणं तहानेसाठी. असं बोलत बोलत वाक्य तयार होतं: ‘वाळू, भूक आणि तहान यांना तोंड देता येईल अशी उंटाच्या शरीराची रचना असते.’ ज्या मुलाने हे वाक्य रचलं, त्याला उतारा समजला यात मला शंका नसते.

१९७८ साली वॉल्टर किंच आणि तेउन व्हान डाइक यांनी वाचताना मजकुराचा गाभा मनात कसा तयार होतो याची मांडणी केली. त्यात याच क्रिया आहेत: बिनमहत्त्वाचं गाळणं, सुट्या तपशिलांना एका व्यापक कल्पनेखाली आणणं आणि अनेक वाक्यांच्या जागी एक नवं वाक्य रचणं. पुढे १९८३ मध्ये अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांनी वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून सारांश लिहून घेतले. पाचवीतल्या मुलांना गाळणं चांगलं जमत होतं. तपशील एकत्र करणं वयाबरोबर सुधारत गेलं. नवं वाक्य रचणं मात्र लहान मुलांत जवळपास दिसलंच नाही. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा ते जिथे करायला हवं होतं, त्यातल्या साधारण निम्म्याच ठिकाणी केलं.

तुम्ही घरी किंवा वर्गात हे कसं करता? काय जमतं, कुठे अडतं?

दीपमाळ

अगदी माझ्या घरातला प्रश्न मांडलात. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गोष्ट वाचून झाल्यावर ‘काय होतं रे गोष्टीत?’ असं विचारलं की पहिल्या पानापासून सुरुवात होते. ‘आणि मग तो जंगलात गेला, आणि मग त्याला कुत्रा दिसला, आणि मग...’ मध्ये थांबवलं तर रुसतो. ताई, याला कुठून सुरुवात करू? माहितीचे उतारे त्याला नकोच असतात, फक्त गोष्टी हव्या असतात.

ओंजळ

@दीपमाळ, त्याला थांबवू नका. सगळं क्रमाने सांगता येणं ही आधीची पायरी आहे आणि तुमच्या मुलाने ती गाठली आहे. पूर्ण सांगून झालं की कौतुक करा आणि मग विचारा: गोष्ट कोणाची? त्याला काय हवं होतं? मध्ये काय आडवं आलं? मग त्याने काय केलं? शेवटी काय झालं?

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. ‘कावळ्याला पाणी प्यायचं होतं, पण पाणी भांड्याच्या तळाशी होतं, म्हणून त्याने आत खडे टाकले आणि पाणी वर आल्यावर तो प्यायला.’ संपली गोष्ट. यात ‘पण’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द फार काम करतात. ‘आणि मग’ म्हणत गेलं की घटना नुसत्या एकामागून एक येत राहतात, कोणतीही घटना चालते. ‘म्हणून’ म्हटलं की आधीच्या घटनेमुळे पुढची का घडली, याचा विचार करावाच लागतो. ज्या घटनेला मागचं-पुढचं काही जोडता येत नाही, ती मूल स्वतःच सोडून देतं. वाटेत दिसलेला कुत्रा तसा आपोआप जाईल. आणि नाही गेला, तर पुढे त्या कुत्र्यामुळेच काहीतरी घडलेलं असेल.

अजून एक. तुम्ही ती गोष्ट वाचलेली आहे, हे त्याला माहीत असतं. वाचलेल्याच माणसाला थोडक्यात कशाला सांगायचं, हे त्याला पटत नसेल तर ते बरोबरच आहे. ज्याने गोष्ट वाचलेली नाही अशा कुणाला तरी सांगू द्या. आजीला फोनवर सांगताना मुलं पटकन मुद्द्यावर येतात, कारण समोरच्याला कळलं की नाही हे त्यांना लगेच समजतं.

तळटीप

अवांतर: कावळ्याची गोष्ट केवळ कल्पना नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रूक जातीच्या कावळ्यांनी नळीत खडे टाकून पाण्याची पातळी वर आणली आणि तरंगणारी अळी मिळवली. मुलांना सांगा, आवडेल.

आता विषयावर. थोडी उलट बाजू मांडतो. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा मोठा आढावा घेतला. त्यात सारांश लिहिणं ‘कमी उपयुक्त’ ठरलं. सोबतीला कोण, तर ओळी रंगवणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं. वरच्या क्रमांकावर होतं स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा विभागून करणं. मग मुलांचा वेळ सारांशात का घालवायचा? वाचून झाल्यावर नेमके प्रश्न विचारावेत, जास्त फायदा होईल.

ओंजळ

@तळटीप, हा मुद्दा यायलाच हवा होता. पण त्याच आढाव्यात तसं ठरवण्यामागचं कारणही आहे. ज्यांना सारांश चांगला करता येतो त्यांना त्याचा उपयोग होतो. अडचण अशी की लहान मुलांना, शाळेतल्या मोठ्या मुलांना आणि कित्येक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही तो येत नाही, आणि यायला बरंच प्रशिक्षण लागतं. ‘न शिकवता करायला लावलं तर उपयोग नाही’ असा मी त्याचा अर्थ घेते, आणि धाग्यातलं माझं म्हणणंही तेच आहे.

शिवाय तिथे प्रश्न होता अभ्यास लक्षात राहण्याचा. मी सारांशाकडे वाचलेलं समजण्याचा आणि लिहिता येण्याचा मार्ग म्हणून बघते. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र तपासले. सारांश करायला पद्धतशीर शिकवल्याचा परिणाम ०.८२ इतका आला. अशा मोजमापात ०.८ च्या पुढचा आकडा मोठा मानतात.

तळटीप

‘न शिकवता’ हा फरक मान्य. मग दोन्ही गोष्टी जोडता येतील असं सुचवतो. सारांश पुस्तक उघडं ठेवून करायचा नाही, मिटून करायचा. आणि लगेच नाही, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन. कीथ थीड आणि मेरी अँडरसन यांचा २००३ चा अभ्यास आहे, कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा. ज्यांनी वाचल्यावर लगेच सारांश लिहिला त्यांच्यापेक्षा ज्यांनी काही वेळाने लिहिला त्यांना ‘आपल्याला हा मजकूर कितपत समजलाय’ याचा अंदाज बराच अचूक आला. लगेच लिहिताना वाक्यं डोक्यात ताजी असतात, त्यामुळे सगळं येतंय असं वाटतं. वेळ गेल्यावर शब्द निघून जातात आणि अर्थ राहिला असेल तर तोच राहतो.

म्हणजे संध्याकाळी वाचलेलं रात्री झोपताना विचारा. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलायची सोयच उरत नाही.

चांदणवेल

+१. पुस्तक मिटून सांगायचं, हे आमच्याकडेही सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय.

पारिजात

सगळं वाचलं. पण मला काळजी वेगळीच वाटते. मूल गोष्टीत रंगून गेलेलं असतं आणि पुस्तक मिटताक्षणी आपण ‘चल, आता थोडक्यात सांग’ म्हणतो. पुढच्या वेळी ते पुस्तक उघडतानाच त्याला हा प्रश्न आठवेल. वाचनाचा आनंद असा थेंबाथेंबाने आटतो.

दुसरं, सगळ्याच लेखनाला सारांश नसतो. कवितेतून ‘कवीला पाऊस आवडतो’ एवढंच काढलं तर कविता गेली कुठे? चांगल्या कथेतही कधी कधी त्या वाटेवरच्या कुत्र्यातच सगळं असतं. मुलाला तो कुत्रा सांगावासा वाटला, कारण लेखकाने तो तितक्या जिव्हाळ्याने लिहिला होता. त्याला ‘हे महत्त्वाचं नाही’ असं शिकवायचा अधिकार आपल्याला आहे का?

ओंजळ

पारिजात, कवितेबद्दल पूर्ण सहमत. मी कवितेचा सारांश कधीच मागत नाही. ती पुन्हा वाचायची, मोठ्याने म्हणायची.

मुलाने स्वतःच्या आवडीने निवडलेलं पुस्तकही यातून वगळावं असं मला वाटतं. त्याबद्दल त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा त्याने बोलावं, कुत्र्याबद्दल बोलावं, चित्रांबद्दल बोलावं. सराव करायचा तो छोट्या, मुद्दाम निवडलेल्या उताऱ्यांवर, आणि तोही रोज नाही. दीपमाळ यांच्या मुलाला गोष्टीच हव्या असतील तर त्याला आधीपासून माहीत असलेल्या जुन्या गोष्टी घ्याव्यात. त्यात रंगण्याचा भाग होऊन गेलेला असतो.

पण सारांश करताना मूल जे सोडतं ते ‘वाईट’ म्हणून सोडतं असं मला वाटत नाही. ‘तुला सगळ्यात आवडलेला भाग कोणता?’ आणि ‘ज्याने हे वाचलं नाही त्याला काय कळायलाच हवं?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. मी दोन्ही विचारते, आणि आवडीचा प्रश्न नेहमी आधी.

पारिजात

आवडीचा प्रश्न आधी, हे आवडलं. तरी कथांच्या बाबतीत माझा आग्रह कायम आहे. माहितीपर लेखन भरपूर पडलंय, सराव तिथे करावा.

शाईचा डाग

दोन वेगळे प्रश्न, हे फार नेमकं बोललात. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. मुलांनी आपल्याला जे रंजक वाटलं ते महत्त्वाचं समजायचं, ही अडचण मोठ्या मुलांतही जात नाही. उंटाच्या उताऱ्यात ‘शंभर लिटर पाणी’ जवळपास प्रत्येक मूल लिहिणार, कारण आकडा चकित करणारा आहे.

यावर कामही झालंय. १९८४ मध्ये पीटर विनोग्राड यांनी आठवीच्या मुलांचा अभ्यास केला. वाचनात कच्ची असलेली मुलं डोळ्यांसमोर चित्र उभं करणारी वाक्यं महत्त्वाची म्हणून निवडत होती. चांगले वाचक लेखकाच्या मुद्द्याला धरून असलेली वाक्यं निवडत होते. रूथ गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कीटकांवरच्या मजकुरात मुद्दाम एक मजेदार तपशील घातला. उलटा पडलेला एक भुंगेरा टक् असा आवाज करत हवेत उडतो आणि सरळ होतो, असा काहीसा. तपशील खरा, पण मुद्द्याशी संबंध नाही. असे तपशील घातल्यावर वाचकांना, मोठ्यांनासुद्धा, मुख्य मुद्दे कमी आठवले.

पाठ्यपुस्तकांत चौकटी करून घातलेली ‘हे माहीत आहे का?’ छापाची माहिती बघतो तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो. वर्गात मी प्रत्येक वाक्याला एक प्रश्न लावायला सांगतो: हे काढून टाकलं तर मुख्य मुद्दा समजायला अडेल का? शंभर लिटर काढा, ‘एका वेळी भरपूर पाणी पिऊन घेतो’ एवढं राहिलं तरी मुद्दा शाबूत राहतो.

आणि हायलायटर! पहिल्या वाचनात हातात रंग घ्यायचाच नाही, असा माझ्या वर्गात नियम आहे. पहिल्यांदा वाचताना पुढे काय येणार हेच ठाऊक नसतं, तर महत्त्वाचं काय हे ठरवणार कसं? सगळं पान पिवळं होतं.

शब्दवेल

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगायची इतकी सवय आहे की सारांश विचारला की मुलं तात्पर्यच सांगतात. ‘गोष्ट थोडक्यात सांग’ म्हटलं की उत्तर येतं, ‘संकटात डोकं शांत ठेवावं.’ कावळा, पाणी, खडे, सगळं गायब! मोठ्यांना हे उत्तर आवडतं, शाबासकीही मिळते, म्हणून मूल तेच करत राहतं.

माझ्या भाचीला मी सांगितलं, ‘तू जे सांगितलंस ते दहा वेगळ्या गोष्टींना लागू पडेल. आता असं सांग की ते फक्त याच गोष्टीला लागू पडेल.’ तिला ते लगेच कळलं.

ओंजळ

शब्दवेल, ही कसोटी मी आजपासून वापरणार. याच्याच जवळचा दुसरा प्रकार म्हणजे सारांशात स्वतःचं मत मिसळणं: ‘उंट खूप उपयोगी प्राणी आहे, मला तो आवडतो.’ लहान मुलांना मत लिहू नको म्हणून ओरडण्यापेक्षा वहीच्या पानावर खाली वेगळी जागा द्यावी. वर ‘उतारा काय म्हणतो’, खाली ‘मला काय वाटतं’. मत मांडायला हक्काची जागा मिळाली की ते वर घुसत नाही.

कंदील

वाचनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

‘याला सारांश जमत नाही’ म्हणून ज्या मुलांना माझ्याकडे पाठवतात, त्यांतल्या अनेकांना सारांशाची अडचण नसतेच. अक्षरं जुळवण्यात सगळी शक्ती खर्च होते, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटलेली असते. अशा मुलाला मी उतारा स्वतः वाचून दाखवते आणि तोंडी सांगायला लावते. नीट सांगितलं तर समजायचं की गाभा धरायची ताकद आहे, काम वाचनाच्या वेगावर करायला हवं. ऐकूनही सांगता येत नसेल तर प्रश्न दुसरा. हा फरक न करता सगळ्यांना एकच ‘सारांश लिहा’चा सराव देणं म्हणजे मुलावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरा भाग आधीच्या माहितीचा. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग आहे. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात पक्की, काही कच्ची, आणि दोन्ही गटांत खेळ माहीत असलेली आणि नसलेली. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. सारांशातही! यात आश्चर्य नाही. खेळ माहीत असणाऱ्याला सामन्याला कलाटणी कशाने मिळाली हे लगेच दिसतं. न जाणणाऱ्याला प्रत्येक वाक्य सारख्याच वजनाचं वाटतं, मग तो काय गाळणार?

त्यामुळे एखाद्या मुलाचा सारांश फसला तर मी आधी त्या विषयावर गप्पा मारते. वाळवंट म्हणजे काय, तिथे पाणी का नसतं, वारा आल्यावर काय होतं. मग तोच उतारा पुन्हा. मुलाला जे मनापासून आवडतं, किल्ले, डायनासोर, क्रिकेट काहीही, त्यावरचे उतारे आधी घ्यावेत. तिथे त्याला महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं कळत असतं, आपल्याला फक्त त्याला ते बोलतं करायचं असतं.

दीपमाळ

कंदील, हे वाचून खूप बरं वाटलं. माझा मुलगा मोठ्याने वाचताना अडखळतो. आज वाचून दाखवून विचारते.

आठवा सूर

नवीन आहे, काही चुकलं तर सांगा. शब्दमर्यादा किती असावी? शाळेत एक तृतीयांश सांगतात. मुलगी शब्द मोजत बसते आणि लिहायचं राहून जातं.

शाईचा डाग

एक तृतीयांश ही परीक्षेची सोय आहे, शिकण्यासाठी ती सैल पडते. तेवढ्या जागेत निवडक वाक्यं उतरवूनही भागतं. शिकताना मर्यादा इतकी कमी ठेवा की उतरवून भागणारच नाही. एका परिच्छेदाला एक वाक्य, दहा शब्दांच्या आत. जेनेट क्लिंग्नर आणि शॅरन व्हॉन यांच्या पद्धतीत हेच आहे: परिच्छेद कोणाबद्दल किंवा कशाबद्दल आहे, त्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं काय सांगितलंय, आणि मग ते दहा शब्दांत. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जातात, त्यामुळे दहा शब्दांत पुष्कळ मावतं. शब्द मोजायचे ते वाक्य लिहून झाल्यावर.

ओंजळ

त्यातला दुसरा प्रश्न कधीही सोडू नका. ‘कशाबद्दल आहे?’ याचं उत्तर ‘उंटाबद्दल’ असं येतं आणि मुलांना वाटतं झालं काम. ‘उंटाबद्दल काय?’ इथे खरा विचार सुरू होतो.

मोरपीस

मुलगी तेरा वर्षांची. धड्याचा फोटो काढते, एआयला देते आणि दोन मिनिटांत झकास सारांश वहीत. बंदी घातली तर लपून करेल. काय करावं?

तळटीप

बंदीपेक्षा क्रम बदला. आधी तिचा स्वतःचा, पुस्तक मिटून, चार ओळींचा. मग यंत्राचा मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून प्रश्न विचारा: त्याने काय घेतलं जे तू सोडलंस? तू काय घेतलंस जे त्याने सोडलं? कोणाचं बरोबर, का? आणि त्याने लिहिलेलं प्रत्येक वाक्य धड्यात कशावरून आलं ते दाखव. यंत्र कधी कधी मूळ मजकुरात नसलेलं अगदी ठामपणे लिहितं. असं एक वाक्य तिने स्वतः पकडलं की तिचा यंत्रावरचा आंधळा विश्वास कमी होईल. सारांश तपासता येण्यासाठी मूळ मजकूर समजलेला असावा लागतो, त्यामुळे वाचन टळत नाही.

कंदील

याचीच छोट्या मुलांसाठी आवृत्ती: एकाच उताऱ्याचे दोन सारांश आपण लिहायचे, एक चांगला, एक फसलेला (मुद्दा सोडलेला किंवा मत घुसवलेलं), आणि कोणता बरा ते मुलांना ठरवू द्यायचं. स्वतः लिहिण्याआधी पारख करणं सोपं जातं.

मुलं दोन-चार असतील तर प्रत्येकाला पाळीपाळीने शिक्षक करा. अ‍ॅनमरी पालिन्कसर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत आहे ही. मुलं परिच्छेद वाचतात, मग त्या वेळचा ‘शिक्षक’ प्रश्न विचारतो, थोडक्यात सांगतो, न कळलेलं सोडवतो आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधतो. सुरुवातीला मोठ्या माणसाने करून दाखवायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. त्यांनी ती अक्षरं नीट वाचणाऱ्या पण अर्थ समजण्यात कच्च्या असलेल्या सातवीच्या मुलांवर वापरली होती, आणि मुलांचं आकलन चांगलंच सुधारलं.

मोरपीस

धन्यवाद दोघांनाही. शेजारी ठेवून बघण्याची कल्पना तिला पटेल असं वाटतंय. आणखी एक विचारते. तिचे बहुतेक विषय इंग्रजीत आहेत आणि घरी आम्ही मराठी बोलतो. सारांश कोणत्या भाषेत करून घ्यावा?

ओंजळ

वाचन इंग्रजीत आणि सांगणं मराठीत, असं करून बघा. यात एक मोठा फायदा आहे: उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलताच येत नाही. उंटाच्या उताऱ्यात मुलं जी चार वाक्यं उतरवतात, ती पळवाटच बंद होते. अर्थ कळला असेल तरच मराठीत वाक्य तयार होतं, आणि कुठे अडलं ते दोघींनाही लगेच कळतं.

फक्त ओळीमागून ओळ भाषांतर व्हायला लागलं तर थांबवा आणि पुस्तक मिटायला सांगा. विषयातले पारिभाषिक शब्द इंग्रजीच राहू द्यात, त्यांचे मराठी प्रतिशब्द शोधण्यात तिची शक्ती घालवू नका. तोंडी मराठीत नीट जमलं की मग तेच तिला इंग्रजीत लिहू द्यात, शाळेत तिला तेच लागणार आहे. सुरुवातीला एका वेळी एकच परिच्छेद घ्या. अख्खा धडा नंतर.